सुट्या भागांचे लाकडी खुराडे: मुलांच्या मदतीने सुधारून घेतल्यानंतरचे परीक्षण

परसात मोजक्याच कोंबड्या पाळायच्या असतील, तर सुट्या भागांत मिळणारे लाकडी खुराडे हा आज सर्वांत सहज उपलब्ध असलेला पर्याय आहे. एका लांबट खोक्यात भिंती, छताचे दोन पाखे, अंडी घालण्याची पेटी, चढण्याची पट्टी, ओढून काढता येणारा विष्ठेचा ट्रे आणि जाळीच्या चौकटी येतात. सोबत स्क्रूंची पिशवी आणि शब्दांपेक्षा चित्रांवरच भिस्त ठेवणारी एक पुस्तिका असते. असे एक मध्यम आकाराचे खुराडे आम्ही घेतले, त्यात चार कोंबड्या ठेवल्या आणि अकरा वर्षांची मुलगी व सात वर्षांचा मुलगा यांना हाताशी घेऊन त्यात बरेच फेरफार केले. माझे मत आरंभीच नोंदवतो. तयार घर म्हणून घेतले, तर हे खुराडे निराश करते. सरळ कापलेला, काटकोनात बसणारा सांगाडा म्हणून घेतले, तर मात्र ते उपयोगी आहे, आणि घरात मुले असतील तर अधिकच. कारण त्यातल्या बहुतेक उणिवा मोजपट्टी, पेन्सिल, सँडपेपर आणि थोडे निरीक्षण यांनी भरून काढता येण्याजोग्या आहेत.

जोडणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भोके आधीच पाडलेली असतात आणि ती बहुतांशी जुळतात. लाकूड पाइनसारखे मऊ असल्याने स्क्रू हातानेच पिळलेले बरे, ड्रिलने आवळल्यास कडा चिरते. मुलाने सर्व स्क्रू लांबीनुसार वेगवेगळ्या वाट्यांत लावले आणि मुलीने पुस्तिकेतील चित्रांवरून प्रत्येक फळीवर पेन्सिलीने क्रमांक टाकले. या दोन कामांमुळे पुढची जोडणी अडखळली नाही. एक गोष्ट मात्र पुस्तिकेत नव्हती आणि ती असायलाच हवी होती: खोक्यातील थर्मोकोल कोंबड्या आवडीने टोचून खातात. पॅकिंगचा कण न् कण वेचून काढणे हे काम मुलांकडे सोपवावे, कारण जमिनीलगतच्या बारीक वस्तू त्यांच्या नजरेला आपल्यापेक्षा आधी पडतात. त्यानंतर एका लोहचुंबकाला दोरी बांधून तो साऱ्या जागेवरून फिरवावा. सांडलेला स्क्रू, स्टेपल किंवा तारेचा तुकडा कोंबडी खडा समजून गिळते. तो तिच्या पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जठराच्या भागात, अडकतो आणि त्यावर जस्ताचा मुलामा असेल, तर जस्ताची विषबाधाही होऊ शकते. चुंबकाची ही फेरी मुलाला इतकी आवडली की प्रत्येक दुरुस्तीनंतर ती आपोआप होऊ लागली.

या उत्पादनाचा सर्वांत मोठा दोष खोक्यावरच छापलेला असतो. आमच्या खुराड्यावर ‘सहा कोंबड्यांसाठी’ असे लिहिलेले होते. आतल्या झोपण्याच्या खोलीचे माप १२० बाय ७५ सेंटिमीटर, म्हणजे ०.९ चौरस मीटर किंवा साधारण पावणेदहा चौरस फूट. मध्यम वजनाच्या कोंबडीला खुराड्यात सुमारे ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात ८ ते १० चौरस फूट जागा द्यावी, असा घरगुती कुक्कुटपालनातील सर्वमान्य ठोकताळा आहे. त्या हिशेबाने खोली दोघींची ठरते. सोबतचे जाळीचे अंगण १५० बाय १२० सेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे १९ चौरस फूट, तेही दोघींचेच. हा गुणाकार मुलीकडून वहीत करून घेतला. पण सात वर्षांच्या मुलाला चौरस फुटाचा अर्थ आकड्यांनी कळत नाही. त्याच्यासाठी जमिनीवर खडूने खोलीचे माप आखले आणि त्या चौकोनात सहा पुठ्ठ्याच्या कोंबड्या ठेवून दाखवल्या. खाद्याचे भांडे ठेवायला जागा उरत नाही, हे त्याने स्वतःच सांगितले. विक्रेत्याच्या कार्यालयात कोणी एवढा खडू वापरून पाहिला असता, तर खोक्यावरचा आकडा निम्म्याहून खाली आला असता.

गर्दीचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जागा अपुरी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, कमकुवत कोंबडीला पळून जायला कोपरा मिळत नाही, आणि विष्ठा साचण्याचा वेग सुकण्याच्या वेगापुढे जातो. म्हणून पहिली सुधारणा जागेची केली. मूळ अंगणाला लागून ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे दुसरे अंगण उभे केले आणि दोन्हींच्या मधली जाळीची चौकट काढून टाकली. या एका फेरफारानंतर चार कोंबड्यांना बाहेर प्रत्येकी २० चौरस फुटांहून अधिक जागा मिळते. खोलीचा उपयोग झोपण्यापुरता आणि अंडी घालण्यापुरता उरल्याने तिचे तोकडे माप चालून जाते. पाऊस किंवा कडाक्याच्या थंडीमुळे जिथे कोंबड्यांना दिवसचे दिवस आत बसावे लागते, तिथे मात्र या खोलीत दोनच कोंबड्या ठेवाव्यात.

दुसरा गंभीर दोष जाळीचा. सोबत येणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवू शकते, पण भुकेल्या प्राण्याला बाहेर ठेवू शकत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगसासारखा सडपातळ प्राणी तिच्या फटीतून वाट काढतो आणि उंदीर रात्री खाद्यासाठी आत शिरतो. तिच्या जागी साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी लावली. ती कापण्याचे काम मोठ्यांनीच हातमोजे घालून करावे, कारण कापलेली टोके चाकूइतकी धारदार असतात. मुलांनी चौकटीवर दर दहा सेंटिमीटरला पेन्सिलीची खूण केली, प्रत्येक खुणेवर रुंद वॉशर धरला आणि कापलेल्या टोकांवर लाकडी पट्टी बसवताना ती दाबून धरली. स्टेपलने ठोकलेली जाळी नेटाने ओढली तर उपटून येते. स्क्रू आणि वॉशर लावलेली येत नाही. जमिनीतून उकरून येणाऱ्या प्राण्यांसाठी हीच जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटर रुंद आडवी पसरली आणि तिच्यावर माती टाकली. उकरणारा प्राणी बहुधा भिंतीच्या अगदी लगत खणायला सुरुवात करतो. तिथे पंजाखाली जाळी लागली की मागे सरून दुसरीकडून खणण्याचे त्याला सहसा सुचत नाही. ही युक्ती खंदक खणून जाळी उभी पुरण्यापेक्षा कितीतरी कमी कष्टाची आहे.

दाराच्या कड्यांच्या बाबतीत मात्र मुलांचा सहभाग केवळ मदतीपुरता राहिला नाही. ती मुले त्या वस्तूची खरी परीक्षक ठरली. खुराड्यावर लाकडी फिरक्या आणि साधे आकडे (हुक) येतात. आकडा सात वर्षांच्या मुलाला एका बोटाने उघडता आला, आणि जो आकडा एका बोटाने उघडतो तो चतुर प्राण्याच्या नाकानेही उघडतो. उलट, मोठ्यांनी निवडलेली पहिली पर्यायी कडी इतकी घट्ट होती की मुलांना ती लावताच येईना. संध्याकाळी दार बंद करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे असताना अशी कडी न लावता नुसतीच टेकवून ठेवली जाण्याची शक्यता अधिक. शेवटी सरकत्या अडसराच्या टोकाच्या भोकात स्प्रिंगची कडी अडकवायची, अशी दोन टप्प्यांची व्यवस्था केली आणि ती मुलाच्या छातीच्या उंचीवर बसवली. मुलांना बंद करता येईल आणि जनावराला उघडता येणार नाही, ही एकच कसोटी कडी निवडताना लावावी. या खुराड्याच्या रचनाकारांनी ती लावलेली दिसत नाही.

आता वायुवीजनाकडे येतो, कारण या प्रकारच्या खुराड्यांत त्याच्याइतके दुर्लक्षित दुसरे काहीच नसते. कोंबडीच्या ताज्या विष्ठेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, श्वासातूनही ओलावा बाहेर पडतो, आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू तयार होतो. कोंबडीचे शरीर ४१ ते ४२ अंश सेल्सिअस तापमानावर चालते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात; उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकत अंगातली उष्णता घालवते, तेव्हा खोलीतली दमट हवा बाहेर गेली नाही तर धापा टाकण्याचा उपयोग उरत नाही. थंडीत लोक फटी बुजवतात आणि तेच घातक ठरते, कारण कोंबडी पिसे फुगवून कोरडी थंडी सहन करते, पण ओलाव्यामुळे तिचा तुरा गारठून काळा पडतो. आमच्या खुराड्याला एक शोभेची खिडकी आणि तळहाताएवढी दोन भोके होती, तीही रात्री झोपण्याच्या दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या नेमकी डोक्याशी, म्हणजे वारा थेट अंगावर येईल अशा जागी.

हा दोष मुलाने नाकाने शोधला. सकाळी ट्रे काढायला तो वाकला की त्याचे तोंड कोंबड्यांच्या डोक्याच्या पातळीवर येते, आणि ‘डोळ्यांत झोंबते’ अशी त्याची तक्रार सुरू झाली. उभ्याने दार उघडणाऱ्या मोठ्या माणसाला तो वास जाणवत नव्हता. शिवाय माणसाचे नाक अमोनियाला लवकर सरावते. कुक्कुटपालनात अमोनियाचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत २५ भागांच्या खाली असावे, असा दंडक आहे. त्याहून अधिक प्रमाण कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा करते. घरी ते मोजण्याचे साधन नसते, पण कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन घेतलेला श्वास पुरेसा असतो. उपाय म्हणून छताखालच्या दोन्ही समोरासमोरच्या भिंतींच्या वरच्या पट्ट्या काढून तिथे जाळी बसवली आणि मूळची भोके आतून फळीने बंद केली. आता हवा कोंबड्यांच्या डोक्यावरून वाहते, अंगावरून नाही. दर कोंबडीमागे सुमारे एक चौरस फूट उघडा भाग असावा, असे मार्गदर्शनपर पुस्तकांत सांगितले जाते; एवढ्याशा खोलीत ते साधणे अवघड आहे, परंतु जितके जमले तितक्यानेच झोंबणे थांबले. पावसाची झड आत येऊ नये म्हणून छताच्या पाख्यांना पट्ट्या जोडून ते थोडे पुढे वाढवावे लागले.

दांडी आणि पेटी यांची उंची हा छोटा मुद्दा, पण रोजच्या स्वच्छतेवर त्याचा परिणाम मोठा. कोंबड्या रात्री उपलब्ध असलेल्या सर्वांत उंच जागी बसतात. या खुराड्यात दांडी पेटीच्या तळाच्या पातळीवर दिलेली आहे, त्यामुळे कोंबड्या पेटीच्या काठावर किंवा पेटीतच झोपतात आणि सकाळी अंड्यांची जागा विष्ठेने भरलेली सापडते. दांडी पंधरा सेंटिमीटर वर घेतली की हा प्रकार बंद होतो. सोबत आलेली दांडी गोल आणि बारीक होती; तिच्या जागी पाच सेंटिमीटर रुंदीची, कडा गोलवलेली चपटी पट्टी बसवली, जिच्यावर कोंबडीची बोटे पोटाखाली झाकून राहतात. कडा गोलवण्याचे काम मुलांनी सँडपेपरने केले, आणि गालावरून फिरवून कुसळ लागत नाही याची खात्री त्यांनीच करून घेतली. प्रत्येक कोंबडीला दांडीवर २० ते २५ सेंटिमीटर लांबी लागते, म्हणजे १२० सेंटिमीटरची पट्टी चौघींना पुरते. पेट्या दोन आहेत आणि त्या पुरेशा आहेत. चार-पाच कोंबड्यांना एक पेटीही चालते, कारण सगळ्या जणी एकाच पेटीसाठी रांग लावतात. नव्या कोंबड्यांना पेटीची ओळख व्हावी म्हणून आत लाकडी अंडे ठेवावे, ही जुनी युक्ती येथेही उपयोगी पडली.

सोबत मिळालेले पाण्याचे उघडे भांडे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावे. कोंबड्या त्यात खाली अंथरलेले तूस उडवतात, उभ्या राहतात आणि विष्ठा करतात. दिवसाला एक कोंबडी सुमारे पाव लिटर पाणी पिते आणि उन्हाळ्यात हे प्रमाण दुप्पट होऊ शकते. अंड्याचा बहुतांश भाग पाणीच असल्याने काही तास पाणी न मिळाले तरी अंड्यांवर परिणाम होतो. आम्ही झाकणाच्या बादलीच्या तळाला निपल, म्हणजे टोच मारली की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या, बसवून ती टांगली. भोके मोठ्यांनी पाडली, निपल मुलीने पिळून बसवले. या कामात दोन बारकावे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. झाकणाला बारीक भोक नसेल, तर आत निर्वात पोकळी होऊन पाणी येणे थांबते. आणि बादली पारदर्शक असेल, तर उन्हाने आत शेवाळ धरते. निपलची उंची अशी ठेवावी की कोंबडीला मान किंचित वर करून टोच मारावी लागेल; खाली ठेवल्यास ती बाजूने टोचते आणि पाणी गळून तूस भिजते. ओले तूस ही कॉक्सिडिऑसिस या आतड्याच्या रोगाची सुरुवात असते, कारण त्या परजीवीच्या अंड्यांना परिपक्व होण्यासाठी ओलावाच लागतो. निपल वापरायला कोंबड्यांना शिकवावे लागते, आणि हे काम मुलांनी मोठ्यांपेक्षा चांगले केले: बोटाने निपल हलवून थेंब काढत बसण्याचा धीर त्यांच्याकडे होता. एक कोंबडी शिकली की बाकीच्या तिचे पाहून शिकतात. पाणी गोठेल अशा हवेत मात्र ही व्यवस्था चालत नाही, तिथे उथळ भांडेच ठेवावे.

खाद्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगले आणि निम्म्यापेक्षा कमी भरले, की सांडणे बरेच घटते. दिवसाला दर कोंबडीमागे १०० ते १२० ग्रॅम खाद्य हा अंदाज आमच्याकडे खरा ठरला. वजनकाट्यावर रोजचे खाद्य मोजून वहीत लिहिण्याचे काम मुलीकडे आहे. स्वयंपाकघरातील उरलेसुरले देण्याची हौस मुलांना फार असते, ती एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मर्यादित ठेवावी, आणि चॉकलेट, खारवलेले पदार्थ, कच्चा वाळलेला राजमा, हिरवट बटाटा व अॅव्होकॅडो हे देऊ नये, अशी यादी खुराड्याच्या दारावरच लावावी. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना अपाय करते, म्हणून दोन वयांच्या कोंबड्या एकत्र असतील तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवून ज्यांना हवा त्यांना खाऊ द्यावा.

ओढून काढायचा ट्रे ही या खुराड्याची निर्विवाद चांगली बाजू. तो हलका आहे, मुलांना एकट्याने काढता येतो आणि त्यामुळे सफाई लांबणीवर पडत नाही. लाकडाच्या सांध्यांविषयी मात्र तक्रार आहे. अशा जोडणीच्या खुराड्यात फटी पुष्कळ असतात आणि रेड माइट म्हणून ओळखले जाणारे रक्तशोषक जीव दिवसा नेमके तिथेच लपतात. रात्री बाहेर येऊन ते झोपलेल्या कोंबड्यांचे रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. उबदार हवेत आठवडाभरात त्यांची नवी पिढी तयार होते. तपासण्याची पद्धत सोपी आहे: अंधार पडल्यावर विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासायचा, कागदावर लालसर रेघा उमटल्या की समजावे. मुलांना ही रात्रीची मोहीम गुप्तहेराच्या कामासारखी वाटते आणि ती टाळण्याऐवजी ती मागून घेतात. यासाठी दांडी स्क्रूने पक्की न करता खाचेत बसवलेली असावी, म्हणजे ती काढून तिची टोके पाहता येतात. आमच्या खुराड्यात तशी खाच आम्हाला करून घ्यावी लागली. फटींत भुकटी मारायची वेळ आली, तर मुलांना दूर ठेवावे. डायटोमेशियस मातीसारखी (सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची बारीक पूड) निरुपद्रवी म्हणून विकली जाणारी भुकटीही श्वासावाटे फुप्फुसांत गेली तर त्रास देते.

मुले आणि कोंबड्या एकत्र आल्या की स्वच्छतेच्या नियमांत सूट देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दिसायला ठणठणीत असलेली कोंबडी आतड्यात साल्मोनेला जिवाणू बाळगून असू शकते. पाच वर्षांखालील मुलांनी कोंबड्या आणि पिल्ले हाताळू नयेत, असा सल्ला अमेरिकेचे रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र देते, आणि तो कुठेही पाळण्याजोगा आहे. मोठ्या मुलांनीही कोंबडीचा मुका घेऊ नये, तिला तोंडाजवळ धरू नये, खुराड्याजवळ काही खाऊ नये आणि बाहेर पडताच साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. खुराड्यात जाण्याची पादत्राणे वेगळी आणि घराबाहेर ठेवलेली असावीत. पाण्याचा नळ आणि साबण खुराड्याच्या दारापासून चार पावलांवर असेल तरच हा नियम टिकतो. घरात जाऊन हात धुवा म्हटले की वाटेत दाराची मूठ, फ्रिज आणि धाकटे भावंड यांना हात लागतो. खुराडे कुठे मांडायचे हे ठरवताना सावली आणि उताराइतकाच या नळाचा विचार करावा. अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तर मुलांनी किंवा मोठ्यांनी त्यांना हात न लावता पशुवैद्यकाला कळवावे, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.

मुलांच्या वहीने आणखी एक सुधारणा घडवली. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते. नॉर्वेचा थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे याने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी तिचे शास्त्रीय वर्णन केले, आणि त्याची कोंबड्यांविषयीची जिज्ञासा लहानपणीच्या निरीक्षणांतून आलेली होती. ही हकीकत सांगितल्यावर मुलीने कोणती कोंबडी कोणाला भांड्यावरून हाकलते याच्या नोंदी सुरू केल्या. त्यातून स्पष्ट झाले की सर्वांत खालच्या क्रमांकाची कोंबडी इतरांचे पोट भरेपर्यंत खाद्याजवळ जातच नाही. दुसरे भांडे लावून भागले नाही, कारण दोन्ही भांडी एकाच नजरेच्या टप्प्यात होती आणि वरचढ कोंबडी दोन्हींवर पहारा ठेवत होती. मधे आडोसा म्हणून एक फळी उभी केल्यावर ती खालची कोंबडी निवांत खाऊ लागली. तयार खुराड्यांच्या कोणत्याही माहितीपत्रकात अशा आडोशाचा उल्लेख मला आढळला नाही, वास्तविक त्यासाठी लागते ती एक टाकाऊ फळी.

काही भागांवर केलेला खर्च वाया गेलेला दिसतो. खिडकीला लावलेली शोभेची झडप उघडत नाही. चढण्याची पट्टी फार उभी आहे आणि तिच्यावरच्या आडव्या काठ्या दूरदूर आहेत. मुलांनी मधे आणखी काठ्या चिकटवल्या, तेव्हा जड कोंबड्या तिचा वापर करू लागल्या. याच विक्रेत्याने सुचवलेले, उजेड ओळखून आपोआप उघडझाप करणारे दार आम्ही घेतले नाही. ते वाईट नसते. घरी संध्याकाळी कोणी नसेल तर ते उपयोगाचेच. पण कोंबड्या अंधार पडताना स्वतःहून आत जातात आणि तेव्हा त्यांची गणती करून अडसर लावणे हे मुलांचे ठरलेले काम आहे. यंत्र दार बंद करते, बाहेर राहिलेली कोंबडी मोजत नाही.

छताबाबत सावध करणे आवश्यक आहे. पाख्यांवर डांबरी फेल्ट नुसते ठोकलेले असते आणि कडेला दुमडलेले नसते, त्यामुळे पाणी कडेने प्लायवूडमध्ये मुरते व थर सुटू लागतात. जोडणी करण्यापूर्वीच पाख्यांच्या सर्व कडांना बाहेरचा रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळून वास जाईपर्यंत कोंबड्या आत सोडू नयेत. खुराडे थेट मातीवर न ठेवता चारही पायांखाली विटा द्याव्यात. सुटे भाग स्वतंत्रपणे मिळतात का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. आम्हाला बिजागरी आणि ट्रे मिळाला, छताचा पाखा मिळाला नाही; तो आता मुलीने काढलेल्या मापांवरून सुताराकडून पत्र्याचा करून घेत आहोत, आणि या वेळी तो दोन्ही बाजूंनी दहा सेंटिमीटर अधिक पुढे काढला आहे.